टोकाच्या राजकीय मतभेदावर बोलायचं कसं: कळीच्या मुद्द्यापर्यंत पोचण्याची रीत

राजकीय चर्चा फिसकटली की दोष चढलेल्या आवाजाला दिला जातो. पण आवाज चढतो तो बराच उशिरा. त्याआधी कितीतरी वेळ दोघं जण दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरं देत बसलेले असतात आणि ते दोघांच्याही लक्षात येत नाही. एक म्हणतो, फाशीमुळे खून कमी होत नाहीत. दुसरा म्हणतो, इतकं क्रूर कृत्य करणाऱ्याला जगण्याचा हक्क उरत नाही. पहिलं विधान परिणामाबद्दल आहे, दुसरं न्यायाबद्दल. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, दोन्ही खोटीही असू शकतात. असे दोघे रात्रभर भांडले तरी एकाचं वाक्य दुसऱ्याच्या वाक्याला कुठेच भिडत नाही.

म्हणून इथे दिलेली सगळी पद्धत कळीचा मुद्दा शोधण्यासाठी आहे. कळीचा मुद्दा म्हणजे जो उलटा ठरला तर तुमचं मत हलेल, आणि सुलटा ठरला तर समोरच्याचं हलेल. तो हाती येईपर्यंत आपली बाजू पटवायला जाऊच नये. आधी सगळी मेहनत शोधावर खर्च करायची.

आधी ठरवा: वाद, जल्प की वितंडा

न्यायसूत्रांत, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते कळावं म्हणून प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे दोन्ही पक्ष तपासणं म्हणजे वाद. जिंकण्यासाठी, शब्दच्छलासकट सगळी हत्यारं वापरून बोलणं म्हणजे जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहणं म्हणजे वितंडा. मराठीत आपण कुठल्याही निष्फळ भांडणाला वितंडवाद म्हणतो, पण मूळ अर्थ जास्त नेमका आहे आणि फार कामाचा आहे. वितंडा ओळखायला एकच प्रश्न पुरतो: "बरं, मग तुमच्या मते काय करावं?" दोनदा विचारूनही उत्तराऐवजी नवी टीकाच आली, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. हाच प्रश्न स्वतःलाही विचारायचा.

जल्पाचीही जागा आहे. वक्तृत्व स्पर्धेत, सभागृहात, प्रचारात प्रेक्षकाला पटवायचं असतं आणि ते उघड असतं. घोटाळा होतो तो वाद करायला बसून जल्प सुरू झाला की. आणि तो सुरू होतो बहुतेक वेळा प्रेक्षकांमुळे. चारचौघांत चूक कबूल करणं फार महाग पडतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे प्रेक्षक काढून टाकणं. दोघांनीच बसायचं, पाऊण ते एक तास. शंभर-दोनशे जणांच्या समूहात कुणी विषय काढला, तर तिथे उत्तर लिहू नका. "यावर मला तुमच्याशी नीट बोलायचंय, उद्या फोन करू का?" एवढंच त्या व्यक्तीला खाजगीत विचारा. ज्यांना खरंच बोलायचं असतं ते हो म्हणतात.

प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

"किमान वेतन वाढवावं का?" हा चर्चेला घेण्याजोगा प्रश्न नाही, तो फक्त विषय आहे. प्रश्न लिहिताना त्यात सहा गोष्टी याव्यात: कोणी करायचं, काय करायचं, किती, कुणासाठी, कधीपर्यंत, आणि त्याऐवजी दुसरं काय. उदाहरणार्थ: "सरकारने सर्व प्रौढ कामगारांसाठी किमान वेतन पुढच्या तीन वर्षांत मध्यक वेतनाच्या साठ टक्क्यांवर न्यावं, की आहे तेवढंच ठेवून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना थेट रोख मदत द्यावी?" (मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा.)

यातला "त्याऐवजी काय" हा भाग सर्वांत जास्त वेळा गळतो, आणि तोच सर्वांत मोलाचा. धोरणाची तुलना नेहमी दुसऱ्या धोरणाशी करायची असते. ती न केल्यास एक जण आपल्या कल्पनेतल्या उत्तम अंमलबजावणीची तुलना समोरच्याच्या वाईट अंमलबजावणीशी करतो, आणि आपण काही अन्याय करतोय हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

वाक्य कागदावर आलं की दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर ० ते १० मध्ये एक आकडा लिहायचा. ० म्हणजे पूर्ण विरोध, १० म्हणजे पूर्ण पाठिंबा. चिठ्ठी घडी करून बाजूला ठेवा. ती शेवटी लागते, कारण चर्चेनंतर माणसाला आपलं आधीचं मत आताच्या मतासारखंच होतं असं वाटू लागतं.

मतभेद नेमका कुठे आहे

राजकीय मतभेद पाच ठिकाणी असू शकतो, आणि प्रत्येक ठिकाणाची दुरुस्ती वेगळी आहे.

शब्दांत असेल तर काम सोपं. "आरक्षण", "स्वातंत्र्य", "अनुदान", "धर्मनिरपेक्षता" असे शब्द आले की दोघांनी एकेक ठोस उदाहरण द्यायचं आणि एकेक उदाहरण असं द्यायचं जे त्या शब्दात बसत नाही. दोन मिनिटांत निकाल लागतो. नाहीच लागला तर तो शब्द चर्चेपुरता बंद करून त्याऐवजी पूर्ण वाक्य वापरा.

वस्तुस्थितीत असेल, म्हणजे किती लोक, किती खर्च, किती गुन्हे, तर बोलणं थांबवून पाहून घ्या. ज्याचं उत्तर शोधता येतं त्यावर भांडणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

कार्यकारणात असेल, म्हणजे "हे केलं तर ते होईल का", तर पुराव्याचा भाग लागतो. त्यावर पुढे सविस्तर.

मूल्यांत असेल, म्हणजे दोघांना परिणाम सारखेच दिसतात पण वजन वेगळं द्यावंसं वाटतं, तर आकडे निरुपयोगी आहेत. इथे आकडे फेकत राहणं ही सुशिक्षितांची आवडती चूक आहे.

पाचवं ठिकाण म्हणजे विश्वास. "कायदा कागदावर ठीक आहे, पण राबवणार कोण?" हा मतभेद जवळजवळ नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी वेशात येतो. बोलणारा आकड्यांवर आक्षेप घेत असतो, पण त्याच्या मनात यंत्रणेबद्दलचा धसका असतो. तो बाहेर कसा काढायचा ते एका छोट्या संवादात बघू. काका छोटा कारखाना चालवतात, पुतणी किमान वेतन वाढवण्याच्या बाजूची आहे.

"काका, तुमचा विरोध पगार वाढण्याला आहे, की तो सरकारने ठरवण्याला?"

"वाढायला माझी कशाला ना असेल? माझ्याकडचे जुने कामगार आत्ताच त्याहून जास्त घेतात. पण नवा नियम आला की तपासणीला नवा माणूस येतो. हे रजिस्टर दाखवा, ते दाखवा. एक कागद कमी पडला की मी गुन्हेगार."

"म्हणजे तपासणी सुटसुटीत असती, कागदाच्या चुकीला आधी दुरुस्तीची मुदत मिळाली असती, तर हा आकडा तुम्हाला चालेल?"

"एकदम नाही. टप्प्याटप्प्यानं. पण हो, माझं खरं दुखणं तपासणीचं आहे गं."

पुतणीने रोजगारावरचे अभ्यास वाचून आणले असते तर त्यातला एकही इथे लागला नसता. तिने दोनच गोष्टी केल्या. पहिल्या प्रश्नात "की" घालून दोन ठिकाणं समोर ठेवली, आणि दुसऱ्या प्रश्नात "असं असतं तर" म्हणून अडथळा काढून पाहिला. अडथळा काढल्यावर मत हललं, म्हणजे कळीचा मुद्दा तिथेच होता. आता चर्चा किमान वेतनाची नाही, तपासणीची व्यवस्था कशी असावी याची आहे, आणि त्यावर दोघं एका बाजूला बसू शकतात. हा "असं असतं तर" प्रश्न चर्चेत निदान तीनदा विचारा, दर वेळी वेगळा अडथळा काढून.

पूर्वपक्ष: समोरच्याची बाजू त्याच्याहून बरी मांडा

शास्त्रग्रंथांत आधी विरोधकाचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, पूर्ण ताकदीने मांडायचं आणि मग उत्तर द्यायचं, ही शिस्तच होती. विसाव्या शतकात अनातोल रॅपोपोर्ट या गणितज्ञाने तेच वेगळ्या वाटेने सुचवलं: समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं मांडा, आणि मग ते कुठल्या परिस्थितीत खरं ठरतं तो टापू शोधा.

करायचं असं. पहिला पाच मिनिटं बोलतो. दुसरा फक्त अर्थ स्पष्ट करणारे प्रश्न विचारतो, आक्षेप नाही. मग दुसरा दीड-दोन मिनिटांत ते आपल्या शब्दांत सांगतो. पहिला दुरुस्त्या करतो. "हो, हेच मला म्हणायचंय" असं वाक्य येईपर्यंत हे चालू ठेवायचं. मग भूमिका बदलायच्या. पहिल्या खेपेत क्वचितच जमतं, दोन-तीन खेपा धरून चाला. "हो, पण" आलं तर काम झालेलं नाही.

इथे बिघडतं ते क्रियाविशेषणांमुळे. "तुम्हाला *फक्त* नफा दिसतो", "तुम्ही *सरसकट* सगळ्यांना"... समोरच्याने न वापरलेला एकही "फक्त", "सरसकट", "काहीही करून" तुमच्या मांडणीत येता कामा नये. दुसरी खोड म्हणजे हेतू चिकटवणं: "थोडक्यात, तुम्हाला गरिबांचं काही पडलेलं नाही." भूमिका आणि हेतू वेगळे आहेत, आणि हेतूवर गेलं की मागे फिरणं फार अवघड जातं.

आपली मांडणी खरंच चांगली आहे का हे तपासायला ब्रायन कॅप्लान या अर्थतज्ज्ञाने २०११ मध्ये एक कसोटी सुचवली. त्या विचारसरणीचा माणूस म्हणून तुम्ही उत्तरं लिहा, आणि त्याच विचारसरणीच्या खऱ्या समर्थकांची उत्तरं शेजारी ठेवा. वाचणाऱ्याला खरा कोण ते ओळखता आलं नाही तर तुम्ही पास. घरी एकट्याने करता येण्याजोगी तयारी म्हणून मला याहून चांगली गोष्ट माहीत नाही. अर्धं पान लिहा आणि त्या बाजूच्या मित्राला विचारा, कुठलं वाक्य तुम्ही असं लिहिलं नसतं?

"का" थोडा वेळ बाजूला, "कसं" विचारा

"तुम्हाला असं का वाटतं?" म्हटलं की माणूस कारणांची फौज उभी करतो आणि जास्त ठाम होतो. "हे प्रत्यक्षात कसं होईल, पहिल्या दिवसापासून सांगाल का?" म्हटलं की त्याला साखळीची एकेक कडी जोडावी लागते, आणि गाळलेल्या कड्या त्याच्याच लक्षात येतात. २०१३ मध्ये फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केला. धोरण कसं चालतं ते समजावायला सांगितल्यावर लोकांना आपली समज आधी वाटली होती त्याहून कमी वाटली, आणि त्यांची मतंही मवाळ झाली. मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरप्रयोगांत समज कमी वाटण्याचा परिणाम पुन्हा दिसला, मतं मवाळ होण्याचा दिसला नाही. तेव्हा "कसं" विचारल्याने समोरचा विरघळेल अशी आशा धरू नका. गाळलेली कडी टेबलावर येते, हा फायदा पुरेसा आहे.

प्रश्न उलटतपासणीसारखा विचारला की फसतो. आधी स्वतःच्या धोरणाची साखळी सांगा आणि त्यातली कच्ची कडी स्वतःच दाखवा.

पुरावा: निकाल पाहण्याआधी मोजपट्टी ठरवा

१९७९ मध्ये चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी फाशीच्या बाजूचे २४ आणि विरोधातले २४ विद्यार्थी घेतले आणि सगळ्यांना तेच दोन अभ्यास वाचायला दिले: एक फाशीने धाक बसतो असं दाखवणारा, एक उलट. दोन्ही गटांनी आपल्या बाजूचा अभ्यास भक्कम ठरवला, विरोधी अभ्यासात खोट काढली, आणि शेवटी आपण आधीपेक्षा जास्त ठाम झालो असं सांगितलं. पुढे १९८४ च्या प्रयोगात "निःपक्षपाती राहा" या सूचनेचा उपयोग झाला नाही. "याच पद्धतीने केलेल्या अभ्यासाचा निकाल उलटा आला असता तर तुम्ही तो असाच तोलला असता का?" हे विचारायला लावल्यावर मात्र फरक पडला. हा प्रश्न पाठ करून ठेवा आणि आधी स्वतःवर वापरा.

त्याहून पक्का उपाय म्हणजे क्रमच बदलणं. आकडे उघडण्याआधी दोघांनी लिहायचं: कुठला परिणाम मोजायचा, किती काळाचा, कुणाशी तुलना करून, आणि किती फरक दिसला तर माझं मत हलेल. "काहीही दिसलं तरी हलणार नाही" असं उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका. मतभेद मूल्यांचा आहे हे कळलं, पुढचा अर्धा तास वाचला.

किमान वेतनाचंच बघा. १ एप्रिल १९९२ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने काही बदललं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रुगर यांनी दोन्हीकडची ४१० फास्ट फूड दुकानं तपासली आणि रोजगार घटल्याचं त्यांना दिसलं नाही. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगारपत्रकांचे आकडे घेतले, तर निकाल उलटा आला. २००० मध्ये कार्ड-क्रुगर यांनी सरकारी नोंदी घेऊन पुन्हा उत्तर दिलं. हे वाचून "अभ्यासांचं काही खरं नाही" असा निष्कर्ष काढू नका. काढायचा निष्कर्ष हा, की मोजलेली वाढ एवढी होती, धंदा हा होता, काळ महिन्यांचा होता. तुमच्या कागदावरचा साठ टक्क्यांचा प्रस्ताव त्याहून बराच मोठा असेल, तर हा अभ्यास दोन्ही बाजूंना मर्यादितच आधार देतो, आणि हे कबूल करणाऱ्याचं पुढचं बोलणं समोरचा जास्त लक्ष देऊन ऐकतो.

कधी पुरावा निकाल देऊच शकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये फाशी आणि खुनांचं प्रमाण यांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला आणि म्हटलं, की खून कमी होतात, वाढतात की फरकच पडत नाही, हे या संशोधनावरून सांगता येत नाही. मग धाकाचा मुद्दा दोघांनीही खाली ठेवायचा आणि न्याय, चूक झाल्यास न सुधारता येणारी शिक्षा, पीडितांचं समाधान, यांवर बोलायचं.

टक्केवारीबद्दल एकच नियम: मूळ आकडा सांगितल्याशिवाय टक्का बोलायचा नाही. "दुप्पट झालं" हे लाखात एकाचं लाखात दोन झालं तरी खरंच असतं.

आणि चूक दाखवल्यावर माणूस उलट जास्त हटून बसतो, ही समजूत आता फार ताणू नये. २०१० च्या एका प्रयोगात काही लोकांत तसं दिसलं होतं. नंतर टॉमस वूड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर ५२ मुद्दे तपासले, तेव्हा असं उलटणं जवळजवळ आढळलंच नाही. लोक बरोबर माहिती घेतात. फक्त त्यामुळे त्यांचा पक्ष बदलेल अशी अपेक्षा नको.

मूल्यांवर बोलताना

मॅथ्यू फाइनबर्ग आणि रॉब विलर यांच्या प्रयोगांत असं दिसलं, की माणूस स्वतःला पटणाऱ्या मूल्यांच्या भाषेत समोरच्याला पटवायला जातो, आणि तिथेच अडतो. पर्यावरणाचा मुद्दा अपाय आणि काळजी यांऐवजी शुद्धता, पावित्र्य यांच्या भाषेत मांडल्यावर पुराणमतवादी वाचकांचा पाठिंबा वाढला. हे करताना प्रामाणिकपणा सोडू नका. जे मूल्य तुम्हाला थोडंतरी खरं वाटतं त्याच्याच भाषेत बोला, नाहीतर ते नाटक लगेच कळतं.

मूल्यांच्या मतभेदात उपयोगी पडतो तो देवाणघेवाणीचा प्रश्न: "सुरक्षितता आणि खाजगीपणा दोन्ही हवेत हे मान्य. पण एक थोडं सोडावं लागलं तर किती सोडाल, आणि कुठे थांबाल?" जवळजवळ सगळेच कुठेतरी थांबतात. तुमची थांबायची जागा आणि त्याची, यांतलं अंतर मोजा. ते घोषणांवरून वाटलं होतं त्याहून बरंचदा कमी निघतं.

आणि माणसाला त्याचा अनुभव विचारा. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मायामीतल्या अभ्यासात कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन साधारण दहा मिनिटं बोलणं केलं. न हिणवता ऐकलं, आणि लोकांना स्वतःला कधी वेगळं म्हणून वागवलं गेलं ते आठवायला सांगितलं. तृतीयपंथीयांबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला, आणि तो परिणाम निदान तीन महिने टिकला.

तापलं तर

खुणा ठरलेल्या आहेत: "तुम्ही लोक", जुन्या घटनांची यादी, समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडणं. पहिली खूण दिसली की वेग कमी करा आणि शेवटचं वाक्य परत सांगा. दुसरी दिसली की कागदावरच्या प्रश्नाकडे बोट दाखवा. तिसरी दिसली की उठा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पाणी प्या. "मग तेव्हा तुम्ही कुठे होतात?" या प्रश्नाला उत्तर न देता म्हणा, "तो मुद्दा खरा आहे, वेगळा लिहून ठेवू." आणि खरोखर लिहा. लिहिलेलं दिसलं की माणूस तो पुन्हा उगाळत नाही.

समोरचा तुमच्या माणूस असण्यावरच प्रश्न उभा करत असेल किंवा धमकीवर आला असेल, तर ही पद्धत तुम्हाला बांधील नाही. उठून जा.

गटात करायचं असेल तर

एका टेबलाला सात-आठ जण, एक संचालक ज्याने मत द्यायचं नाही, आणि एक टिपणं घेणारा. आयर्लंडच्या नागरिक सभेत टेबलांची हीच रचना होती. सभेत चिठ्ठीसारख्या पद्धतीने निवडलेले ९९ नागरिक आणि एक अध्यक्ष होते. गर्भपातासारख्या स्फोटक प्रश्नावर त्यांनी पाच शनिवार-रविवार घालवले, दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ ऐकले. मग तो प्रश्न २५ मे २०१८ च्या सार्वमतात गेला आणि घटनेतली गर्भपातबंदी काढण्याच्या बाजूने ६६.४ टक्के मतं पडली. छोट्या गटातही दोन नियम सोडू नका: प्रत्येकाची एक फेरी पूर्ण झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही, आणि मत आधी लिहून मग सांगायचं. नाहीतर पहिला जोरकस बोलणारा टेबल ओढून नेतो.

शेवटची दहा मिनिटं

घड्याळ लावून ही दहा मिनिटं राखून ठेवा, ती आपोआप उरत नाहीत. एका कागदावर चार ओळी, दोघांनी मिळून: आपलं कशावर जमलं, कळीचा मुद्दा कोणता निघाला, तो पाच ठिकाणांपैकी कुठे आहे, आणि काय पाहून यायचं. शेवटच्या ओळीत कोण काय वाचणार आणि केव्हापर्यंत, हे नावासकट लिहा. मग घडी केलेल्या चिठ्ठ्यांशेजारी नवा आकडा लिहा. ७ चा ६ झाला तर तो बदलच आहे, तो मोठ्याने सांगा. काहीच हललं नसेल तरी चिठ्ठी ठेवून द्या. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बसा, आणि सुरुवात युक्तिवादाने न करता त्या चौथ्या ओळीने करा.